कमानीच्या पुढचे चारशे मीटर

बिराप्पाला अंतर विचारायची सोय नव्हती. तासगाव किती लांब, असं कुणी विचारलं की तो उलट विचारायचा, "मेंढरं संगं हायती का एकलाच हाईस?" मेंढरं असली तर दीड दिवस, त्यात नुकत्या व्यालेल्या असल्या तर दोन. किलोमीटर ही सरकारनं रस्त्याकडेला दगड पुरण्यासाठी काढलेली भानगड आहे असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते तो एसटीच्या कंडक्टरलाही ऐकवायचा. चाळीस वर्षं दिवाळी झाली की कळप घेऊन तो कृष्णाकाठाला, कराडला, पार साताऱ्याच्या वर जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला कवठे महांकाळजवळच्या आपल्या वाडीला परत यायचा. एवढं चालून त्याला पळताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. पळणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर त्याच्या मागं कुत्रं लागलेलं असतं, हे त्याचं दुसरं मत.

अशा माणसाच्या पोटी पळणारं पोर जन्माला आलं.

सिद्धू हा बिराप्पा आणि धोंडुबाईचा एकुलता एक. चुकार मेंढी वळवायला पाठवलं की सुसाट जायचा, तिला कळपात आणून सोडायचा आणि उगाच आणखी एक फेरी मारून यायचा. बाप कपाळाला हात लावायचा, आई हसायची. पण सिद्धूचं एक होतं. त्याचं कुठलंच काम तडीला जात नसे. दहावीचे शेवटचे दोन पेपर त्यानं दिलेच नाहीत. कालव्याचं पाणी आल्यावर बापानं भटकंती थांबवून हौसेनं द्राक्षं लावली, तर मांडवाच्या तारा अर्ध्या ओढून हा गायब. मग सैन्यभरतीत मैदानावर सगळ्यांच्या पुढं पळाला, निवडला गेला, वाडीनं फेटा बांधून पाठवणी केली. आणि चार महिन्यांत ट्रेनिंग सोडून घरी आला. का आला, ते त्यानं सांगितलं नाही आणि बिराप्पानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण आपल्याकडे बाप विचारत नाहीत, बोलतात.

बिराप्पा बोलला, आणि तेही बिरोबाच्या देवळापुढं, सगळी भावकी बसलेली असताना. "आमचं कुत्रंबी कळपामागं घरापतुर येतंय. ह्यो मदीच बसतो." लोक हसले. बोलून गेल्यावर बिराप्पाही थोडा हसला. सिद्धू तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो गेला तो सात वर्षं वाडीला फिरकला नाही.

शिरवळला एका कारखान्यात तो पाळीवर काम करतो, एवढं बिराप्पाला ठाऊक होतं, पण ठाऊक आहे हे सांगणार कोण? सिद्धू आईला फोन करायचा तो बाप रानात असेल तेव्हा. आणि बाप रानातून घरी यायचा तो वळणापासूनच मोठमोठ्यानं खाकरत यायचा. धोंडुबाईला वाटायचं तंबाखूनं घसा गेला. घशाला काही झालं नव्हतं. आत मायलेकांचं चाललं असेल तर त्यांना पुरं करता यावं, एवढ्यासाठी तो खाकरायचा. एकदा तर तो वळणावर चांगला अर्धा तास बसून राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, "काय न्हाई, जरा पाय दुखत हुतं."

तर गेल्या माघात ती शर्यत आली. शिरवळला सुरू होऊन पाच दिवसांनी सांगलीला संपणारी. पहिल्या दिवशी सातारा, दुसऱ्या दिवशी कराड, तिसऱ्या दिवशी तासगाव, चौथ्या दिवशी कवठे महांकाळ आणि पाचव्या दिवशी सांगली. रोजचे वेळ जोडत जायचे आणि ज्याचा एकूण वेळ कमी तो पुढं. चौथ्या दिवसाची तऱ्हा वेगळी होती. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सुटायचं नाही. एकेकानं, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं, एकट्यानं पळायचं. शर्यत शेजाऱ्याशी नाही, घड्याळाशी. आणि तीन दिवसांत जो सगळ्यांत मागं पडला असेल त्याला आधी सोडायचं. पुढं असलेला सगळ्यांत शेवटी.

सिद्धूनं नाव घातलं होतं. आईला म्हणाला, "आये, जिकायला न्हाई गं. निस्तं पाच दिस पुरं करायचं हायती. सांगलीला पोचलो की मग आबास्नी सांग. त्या आदी न्हाई." धोंडुबाईनं तोंडातून शब्द काढला नाही. पहिल्याच दिवशी खंबाटकीच्या घाटात सिद्धूच्या अंगठ्याचं नख उखडलं. साताऱ्याला तो लंगडत पोचला, कराडला जवळजवळ चालत. बरेच जण शर्यत सोडून घरी गेले. सिद्धू गेला नाही. तासगावला पोचला तेव्हा उरलेल्या एक्कावन्न जणांत तो एक्कावन्नावा होता. दुपारी, बाप रानात असताना, त्यानं आईला फोन केला. "मागं हाय गं मी. पन हाय."

त्याच संध्याकाळी वाडीतल्या धनाजीच्या मोबाईलवर एक यादी येऊन पडली होती. धनाजी म्हणजे वाडीतला हौशी माणूस. कुणाचाही वाढदिवस असो, फ्लेक्स ह्याचा. दुसऱ्या दिवशी कोण किती वाजता सुटणार त्याची ती यादी. धनाजीनं ती वरून वाचली. पहिल्या क्रमांकावर सिद्धूचं नाव, पुढं सात वाजताची वेळ. खाली पन्नास नावं. त्यानं पुढचं काही वाचायची तसदी घेतली नाही आणि तो बिराप्पाच्या दारात ओरडत गेला, "आबा, आवं आबा, आपला सिद्धू पयला हाय! शिरवळपास्नं पळत आलाय आनि पयला हाय! उद्या आपल्या दारावरनं जानार!"

बिराप्पा भाकरी खात होता. हातातला घास तसाच राहिला.

धोंडुबाईला राहवलं नाही. "आवं, त्यो मला म्हनला, मी मागं हाय म्हून."

"तुला म्हनला? कवा म्हनला?" असं विचारून बिराप्पा स्वतःच गप्प झाला, कारण फोनचं त्याला ठाऊक नाही असं सात वर्षं चाललं होतं. मग म्हणाला, "छापल्यालं खोटं आसतंय व्हय? आगं, दृष्ट लागू नये म्हून म्हनला आसंल." आणि त्यानं धनाजीला यादी पुन्हा वाचायला लावली. तीनदा. दर वेळी धनाजीनं पहिलंच नाव वाचलं.

सकाळी वाडीच्या फाट्यावर कमान उभी राहिली. केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, वर सिद्धूचा फ्लेक्स. फोटो भरतीच्या वेळचा होता, दुसरा कुणाकडे नव्हता. ढोल निघाले. परातीत भंडारा आला. बिराप्पानं ठेवणीतलं धोतर काढलं, लाल फेटा बांधला, तो वाकडा झाला म्हणून सोडून पुन्हा बांधला. शर्यतीची खरी रेघ फाट्याच्या पुढं चारशे मीटरवर, मोकळ्या मैदानात आखली होती. तिथं घड्याळ होतं, तंबू होता, सांगलीहून आलेली पल्लवी नावाची पंच मुलगी होती. पण वाडीला रेघेशी काय करायचं होतं? कुस्तीच्या फडात जिंकलेल्या पैलवानाला माणसं उचलतात ती जागच्या जागी. आपलं पोर आपल्या कमानीत आलं की पोचलं.

आणि सिद्धू त्या दिवशी पळाला हे सांगायला हवं. तीन दिवस जो लंगडत आला, तो एकटा सुटल्यावर पळाला. बुटाचा पुढचा भाग त्यानं कापून टाकला होता, अंगठा बाहेर, त्यावर पट्टी. आजूबाजूला द्राक्षबागा, पुढं मोकळा रस्ता, शेजारी कुणी नाही. पोरवयात माळावर पळायचा तसा. त्याच्या मागून सुटलेल्यांपैकी एकालाही त्याला गाठता आलं नाही.

सव्वानऊच्या सुमाराला रस्त्याच्या टोकाला माणूस दिसला. बिराप्पानं कपाळावर हात धरून पाहिलं. सात वर्षांनी लेकाला पाहिलं ते असं. वाळला होता, दाढी वाढलेली, पण पाय टाकायची पद्धत तीच. त्याच्या मागं रस्ता रिकामा होता.

"मागं कुनीच न्हाई!" धनाजी किंचाळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

ढोलांवर टिपऱ्या पडल्या. सिद्धू कमानीत शिरला आणि दोन्ही हातांनी बाजूला व्हा, बाजूला व्हा करू लागला. तेवढ्यात बिराप्पा आडवा आला. बासष्ट वर्षांचा माणूस, पण त्यानं खाली वाकून पोराच्या मांड्यांना कव घातली आणि एका दमात त्याला खांद्यावर घेतलं. भंडारा उधळला. सगळा फाटा पिवळा झाला.

"आबा, सोडा! आबा, आजून हाय! फुडं जायाचंय मला!"

"आता कुटं जातोस फुडं?" बिराप्पा हसत होता. ढोलांत पोराचं बोलणं त्याला अर्धंच ऐकू येत होतं, आणि जे ऐकू येत होतं ते त्याला लाजणं वाटत होतं. वरात फाट्यावरून आत वळली, देवळाकडे. धनाजी म्हणाला, "आबा, द्या माज्याकडं, दमला तुमी." बिराप्पानं दिलं नाही. मध्ये एकदा त्याला जाणवलं की वरचं हलणं-झटकणं थांबलंय आणि पोराचा हात आपल्या फेट्यावर टेकलाय. त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला चाळीस वर्षांच्या भटकंतीत कधी वाटलं नव्हतं.

देवळाच्या पायऱ्यांशी एक मुलगी स्कूटरवरून उतरून धावतपळत आली, गर्दीतून घुसली आणि नुकत्याच खाली उतरलेल्या सिद्धूच्या कानाशी लागून घाईघाईनं काहीतरी बोलली. सिद्धूनं मान हलवली. बिराप्पाला वाटलं, पेपरवाली असेल, फोटो मागत असेल. सिद्धू रस्त्याकडे वळलाही होता. एक पाऊल टाकलंही होतं.

तेवढ्यात मागं बिराप्पानं ढोल थांबवायला सांगितले.

तो देवापुढं उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "देवा," तो म्हणाला. "मी ह्याला नगं ती बोललो. हितंच बोललो. चारचौगांत बोललो, म्हून चारचौगांत कान धरतो. माजं पोरगं मदी बसनारं न्हाई. माजंच त्वांड वंगाळ. सात वरसं मी ह्याची वाट बघितली देवा, आनि ह्याला कळू दिलं न्हाई." एवढं बोलून तो मट्‌कन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. भावकीतली म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली.

सिद्धू पायऱ्यांपासून परत फिरला आणि बापाशेजारी येऊन बसला.

मग बायकांनी ओवाळलं. एकामागून एक, कुणाला नाही म्हणायचं? पोळ्या आल्या, दूध आलं. सिद्धूनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. धोंडुबाई तेवढी त्याच्या पायाशी बसून अंगठ्याची पट्टी सोडत होती, आणि अधूनमधून त्याच्या तोंडाकडे बघत होती. रस्त्यावरून पळणारी माणसं एकेक करून पुढं चालली होती. धनाजी बाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "आता आल्ती बगा मागची."

साडेदहा वाजून गेल्यावर ती मुलगी पुन्हा आली. या वेळी तिला घाई नव्हती. ती पल्लवी होती. तिनं सिद्धूच्या छातीवरचा क्रमांकाचा कापडी तुकडा मागितला, आणि सिद्धूनं पिना काढून तो मुकाट्यानं दिला.

"आवं बाई, त्यो कशाला काडून घेता?" बिराप्पा म्हणाला. "घरात लावू की."

पल्लवीला सांगावं लागलं. तिनं सावकाश सांगितलं, दोनदा सांगितलं. यादी ही सुटायच्या क्रमाची होती. जो सगळ्यांत मागं, तो आधी सुटतो. सिद्धू मागं होता. आज मात्र तो फार चांगला पळत होता, तसाच रेघेपर्यंत गेला असता तर दहा-बारा जणांच्या पुढं गेला असता. पण रेघ चारशे मीटर पुढं होती. ती स्वतःच्या पायांनी ओलांडावी लागते. त्यानं ती ओलांडली नाही. आता तो शर्यतीत नाही. उद्या सांगलीला पळता येणार नाही.

देवळात एकदम गलका झाला. धनाजी भांडायला उठला. आमच्या दारावरून शर्यत नेता आणि आम्हाला कायदा शिकवता का, वगैरे. बिराप्पानं त्याला हातानंच बसवलं. त्याच्या तोंडावर अजून भंडारा होता, आणि त्यातून आसवांचे दोन ओघळ गेलेले होते.

"बाई," तो म्हणाला, "चूक माजी हाय. त्याची न्हाई. मी त्याला जिथनं उचलला तिथं न्हिऊन सोडतो. तिथनं जाऊ दे त्याला. काय दंड आसंल त्यो मला लावा. मी पळतो पायजे तर."

पल्लवीचे डोळे भरून आले. "आजोबा, तसंच करता आलं असतं. नियम आहे तसा. उचललं त्या जागी परत जायचं, तिथून पळायचं, दहा मिनिटं वाढवून धरतात. पण सुटल्यापासून साडेतीन तासांची मुदत असते, म्हणजे यांना साडेदहाची होती हो. मी मगाशी तेच सांगायला आले होते. यांना सगळं सांगून गेले होते मी. पाऊण तास हातात होता."

बिराप्पानं पोराकडे पाहिलं. सगळ्या देवळानं पाहिलं.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग गेला का न्हाईस? आरं, पाच मिंटाचं काम! मला ढकलून जायाचं हुतंस. लाथ घालून जायाचं हुतंस मला!"

सिद्धू खाली बघत म्हणाला, "तुमी कान धरलं हुतं आबा. तुमाला मदीच तोडून कसं सांगू, की मी शेवटचा हाय म्हून?" "आनि आजून बोलतासा का, आसं वाटलं. बसलो मग. आईकत."

त्यापेक्षा पोरानं चार शिव्या दिल्या असत्या तर बिराप्पाला सोसलं असतं. ज्याला सात वर्षांत एक गोष्ट शेवटाला न्यायची होती, ती त्याच्या हातून बापानं काढून घेतली. आणि पोरानं ती काढून घेऊ दिली, बापाच्या चार शब्दांसाठी. ते चार शब्द सात वर्षांत कुठल्याही दिवशी, कुठल्याही फोनवर, वळणावर खाकरत बसण्याऐवजी बोलता आले असते. बिराप्पाला हे कळलं, आणि कळल्यावर त्याला पोराच्या तोंडाकडे बघवेना.

सिद्धू संध्याकाळच्या गाडीनं शिरवळला गेला. जाताना बापाच्या पाया पडला, पाडव्याला येतो म्हणाला, आणि पाडव्याला आलाही. आता येतो. सणावाराला, द्राक्षाच्या छाटणीला, आईचं दुखलंखुपलं की. बापलेक बोलतात, पावसापाण्याचं, मेंढरांचं. त्या दिवसाविषयी बोलत नाहीत. पुन्हा पळणार का, असं धोंडुबाईनं एकदा विचारलं, तर सिद्धू म्हणाला, "आता कामाचं लय हाय गं आये." शर्यत यंदा त्या रस्त्यानं गेली नाही.

वाडीला मात्र काही पटलेलं नाही. कायदा कायद्याच्या जागी, आमचं पोरगं सगळ्यांच्या आधी आलं हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय, असं वाडी अजून म्हणते. बाजाराला गेलं की कुणी ना कुणी बिराप्पाच्या पाठीवर थाप मारतं, "काय बिराप्पा, पोरगं पयलं आलं म्हनं शर्यतीत!" सोबतची माणसं कौतुकानं बघायला लागतात. हो म्हणून पुढं जायला काय हरकत आहे? कुणाचं काय जातं त्यात?

बिराप्पा थांबतो. हातातली पिशवी खाली ठेवतो. ज्यानं उभ्या आयुष्यात किलोमीटर मानला नाही, तो माणूस मीटरात सांगतो.

"न्हाई. चारशे मीटर ऱ्हायलं हुतं. त्यो पोचत हुता. मी पोचू दिलं न्हाई."